कॅमेऱ्याबाहेरची फुफी

रुकय्या फुफीचा या जगात कशावर विश्वास होता असं कोणी विचारलं, तर अल्लाह आणि तिचे स्वतःचे कान, एवढंच मला सांगता येईल. दूधवाला माप घालून गेला की ती भांडं खिडकीशी नेऊन उजेडात धरायची. गॅसची टाकी आली की आधी सील चाचपायची, मग टाकी हलवून बघायची, आणि एवढं करूनही आणणारा माणूस जिना उतरेपर्यंत दारात उभी राहायची. मासळीवाली ‘ताजं हाय गो’ म्हणाली की हिने कल्ले उघडलेच. अब्बांची ही थोरली बहीण. तिचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. तो वारल्यावर उरणकडचं घर बंद करून ती पनवेलला आमच्याकडे आली, एक पेटी आणि सुक्या सोड्यांची पिशवी घेऊन. अब्बा मस्कतला एका गोदामात कामाला होते, वर्षातून एकदा यायचे. बाकीचं वर्ष घरात आम्ही तिघी, अम्मा, फुफी आणि मी. फुफीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा संशय आणि सगळी माया माझ्या एकटीच्या वाट्याला आली. यातलं कुठलं कुठे संपतं ते मला तेव्हा कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही फारसं कळलेलं नाही.

सकाळी इमारतीतल्या चार-पाच मुली फुफीकडे कुराण वाचायला यायच्या. आम्ही बाहेरच्या खोलीत चटईवर डोलत मोठ्याने वाचायचो आणि फुफी आत ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून, तांदळाच्या भाकऱ्या थापत असायची. तवा तापलेला, वरून नारळ खवण्याचा आवाज, खाली गल्लीत कोणीतरी रिक्षा चालू करण्यासाठी खटपट करतंय, पण एका मुलीचा एक उच्चार घसरला की आतून बरोबर शब्द आलाच. ती रागवायची नाही, मान वळवून बघायचीही नाही. चुकलेलं ऐकून गप्प बसणं हेच तिच्या लेखी पाप होतं. नमाजात पुढचा माणूस कुराणातली आयत विसरला तर मागच्याने ती सांगायची असते, त्याला आमच्यात लुकमा देणं म्हणतात, म्हणजे घास देणं. फुफी असे घास दिवसभर वाटत असायची. तिच्या हाताखाली वाचायला शिकल्यामुळे मला एक सवय लागली ती कायमची. मी काहीही ओठ हलवल्याशिवाय वाचूच शकत नाही, मग ते बीजगणित का असेना.

नववीत असताना शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मला ‘नभांगण’ची लिंक दिली. राज्यभरातली चाळीसेक मुलं स्क्रीनवर जमून मराठीतून आकाश शिकायची. फळ्यावर खडू घासत बसायचं आणि आपण उतरवून घ्यायचं, असा तो प्रकार नव्हता. सगळ्यांसमोर एकच आकाश उघडलेलं असायचं आणि ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने ते बोटाने फिरवायचं, तारीख बदलायची, क्षितिज खाली ओढायचं. मग चार-चार जणांच्या खोल्या व्हायच्या आणि आम्ही आपापसात भांडून उत्तर काढायचो. तिथे एकच कडक नियम होता. ज्याला कळलं त्याने दुसऱ्याला समजवायचं, पण उत्तर सांगायचं नाही. उत्तर सांगितलं की दोघांचेही गुण गेले. शाळेत मी मागच्या बाकावरची, नाव विचारलं तरी घसा कोरडा पडणारी मुलगी. इथे सातारा आणि चंद्रपूरची मुलं ‘सुमैया, तू सांग’ म्हणायची. मला त्या तासाची इतकी ओढ लागली की शाळेतून येताना मी अर्धा रस्ता पळतच यायचे.

अब्बांनी मस्कतवरून अट घातली, की पोरगी दार लावून परक्या माणसाशी बोलणार नाही, फुफी बसेल तर शिकेल. फुफी बसली. माझ्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, मांडीवर सुपात सोलायचा लसूण घेऊन. पहिल्याच दिवशी तिने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जखमेवर लावायची पट्टी चिकटवली. सरांनी कॅमेरा उघडा ठेवायला सांगितल्यावर ती काढली, पण तास संपला रे संपला की पट्टी परत जाग्यावर. आमचे निनाद सर नागपूरचे, नुकतंच एमएस्सी झालेले, लाजाळू. फुफीला त्यांचा आवाज फार गोड वाटायचा आणि तोच तिच्या मते मोठा दोष होता. तिसऱ्या का चौथ्या तासाला तिने मला दामटलं, की याला विचार, घरी आई हाय का, असली तर दाखव म्हणावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण विचारलं. सर बिचारे उठून आत गेले आणि ओले हात पुसत येणाऱ्या आईला घेऊन आले. दोघींनी एकमेकींना निरखून घेतलं, आज जेवायला काय केलं ते विचारलं, आणि फुफीने सूप परत मांडीवर घेतलं. तिच्या दृष्टीने तेवढी चौकशी पुरेशी होती. आई डाळ निवडते म्हणजे पोरगा अगदीच वाऱ्यावरचा नाय, असं नंतर अम्माला म्हणाली.

स्क्रीनवरच्या आकाशावर मात्र तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. आमच्या पनवेलला संध्याकाळी वर बघावं तर खाणींची धूळ, हायवेचा धूर आणि न्हावा शेव्याकडे लागलेल्या ट्रकांची रांग, त्यातून शुक्र दिसला तरी नशीब. लॅपटॉपवर मात्र तारे असे स्वच्छ की मोजून घ्यावेत. हा आसमान खोटा हाय, यात धूळ नाय, असं ती म्हणायची. तिचा हिशेब वेगळा होता. महिना लागायच्या संध्याकाळी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी ती गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीला टेकून पश्चिमेकडे बघत राहायची. खाली सगळे मोबाइलवर चांद झाल्याची खबर वाचून मोकळे व्हायचे, पण हिने स्वतः बघितला नाही तोवर तिच्यासाठी महिना लागलेला नसायचा. लहानपणी उरणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी चंद्रावरूनच ओळखायची सवय, त्यामुळे कुठल्या दिवसांत तो कुठे उगवतो, कसा कलतो, हे तिला पाठ होतं. वर्षभर माझ्या शेजारी बसून लसूण सोलताना ती आमचं सगळं ऐकत होती, हे मला कळायला हवं होतं. मी तिला खुर्चीइतकंच धरलं होतं.

माझ्या मागे कोणीतरी असतं ही गोष्ट नभांगणातही हळूहळू पसरली. फुफी लसूण बाजूला ठेवला की तस्बीह, म्हणजे जपमाळ, ओढायची आणि तिची कुजबुज माइक पकडायचा. गटात ‘धूमकेतू’ या नावाने येणारा एक मुलगा होता, बहुतेक सांगलीकडचा. अभ्यासाला तो माझ्याबरोबरीचा, कधी मी पुढे, कधी तो. त्याने एकदा सगळ्यांसमोर लिहिलं, की सुमैयाच्या खोलीत दुसरा आवाज येतो, तो कोणाचा आहे ते कळलं तर बरं. मी तडकून उत्तर दिलं, की माझी फुफी नामस्मरण करते, तुझ्या घरी कोणी देवाचं नाव घेत नाही का. चार मुलांनी हसरे चेहरे टाकले आणि तो गप्प झाला. घर बाहेरच्यांवर संशय घेत होतं आणि बाहेरचे घरावर. मी मधे बसून दोघांनाही मूर्ख समजत होते, आणि तेवढ्यापुरती मी खरंच निर्दोष होते.

मग निवडचाचणी आली. नभांगणच्या सगळ्या गटांतून तीस मुलं निवडून त्यांची पुढची बॅच होणार होती. दोन वर्षं, फुकट, खऱ्या दुर्बिणीवर काम, शिकवायला संशोधन करणारी माणसं. माझ्यासाठी त्यात आणखी एक गोष्ट अडकली होती. दहावीनंतर सायन्सला घालायचं की घराजवळच्या कॉलेजात कॉमर्सला, यावर घरात वर्षभर खल चालला होता. अब्बांनी शेवटी निकाल दिला होता, की या निवडीत नाव आलं तर सायन्स, नाहीतर विषय बंद. ते बोलले की बोलले. त्यामुळे माझं पुढचं सगळं त्या एका दुपारवर येऊन थांबलं.

चाचणीची अट अशी, की कॅमेरा आणि माइक चालू हवा आणि खोलीत दुसरं कोणी नको. घरची अट अशी, की खोलीत एकटं बसायचं नाही. अम्माने तोड काढली. फुफी कपाटाच्या आडोशाला, माझ्या पाठीमागे बसेल, तोंडातून शब्द काढणार नाही, फक्त मनातल्या मनात पढत राहील. मी आधी सही करून दिलेल्या हमीपत्रात ‘खोलीत मी एकटी आहे’ असं होतं. फुफी म्हणजे काही ‘दुसरं कोणी’ नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी तिने माझ्यासाठी नारळाच्या दुधातली सांदणं केली होती. मला घास उतरेना. बसायच्या आधी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पढून फुंकर घातली आणि कपाटामागे जाऊन बसली.

अर्धा पेपर बरा गेला. मग एक प्रश्न आला, चार चित्रांचा. मार्च महिना, महाराष्ट्र, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला तिजेचा चंद्र, तर त्याची कोर कशी दिसेल. आमच्या ॲपमधल्या चंद्रकलांच्या तक्त्यात, पुस्तकात, सगळीकडे कोर उभी काढलेली असायची. मी सवयीप्रमाणे ओठांतल्या ओठांत प्रश्न वाचला, उभ्या कोरीवर टिचकी मारली आणि पुटपुटले, ‘क. उभी.’ त्याच क्षणी मागून, भाकरी थापताना यायचा तसाच, सहज आवाज आला.

‘आडवी. होडीसारखी. पोट खाली.’

तिला वाटलंच नसेल की आपण काही केलं. चूक ऐकू आली, तिने घास दिला. मी वळले नाही. डोळ्यांसमोर एकदम आमची गच्ची आली, टाकीच्या वर, धुळीत, अगदी खरोखरीच होडीसारखी पसरलेली कोर, मी कितीदा तरी बघितलेली. हे मला माहीत होतं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि टिचकी मारून उत्तर बदललं.

आठवड्याने निनाद सरांचा निरोप आला, की चाचणीच्या ध्वनिमुद्रणात दोन आवाज आहेत, शब्द लागत नाहीत, तेव्हा शनिवारी पालकांसह बोलावं लागेल. घरात धावपळ उडाली. अब्बा फोनवर, अम्मा रडवेली. पण उपाय सगळ्यांना एकदमच सुचला आणि तो सोपा होता. फुफी दुआ पढत होती असं सांगायचं. त्यात खोटं तरी काय होतं? ती पढत होतीच की. अब्बांनी फुफीला फोनवर दोनदा सांगितलं, की बाजी, तू एवढंच बोल की मी तस्बीह पढत होते, बाकी सुमैया बघून घेईल. फुफी हं म्हणाली. त्या तीन दिवसांत ती माझ्याशी नेहमीसारखीच वागली. मी मात्र तिच्याकडे बघायचं टाळत होते, कारण त्या खोलीत काय झालं ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

शनिवारी ती पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसली. डोक्यावरची ओढणी नीट केलेली, हात मांडीवर, शाळेत नाव घालायला आलेल्या मुलीसारखी ताठ. पलीकडे सर आणि त्यांच्या संस्थेतल्या एक बाई. सरांनी अवघडत विचारलं, की त्या दिवशी तुम्ही खोलीत होता का आणि काय बोलत होता. अम्मा दारात उभी राहून मान हलवत होती, बोल, बोल, असं.

‘पढत होते,’ फुफी म्हणाली. मग थांबली. ‘पण एक सांगितलं बी. चांदाचं. तिनं चुकीचं ऐकवलं आसतं तर...’ तिने वाक्य अर्धं सोडलं आणि परत धरलं. ‘मना चूक ऐकून गप बसता येत नाय, सर. माझी खता हाय. पोरीची नाय.’

अम्माने कपाळावर हात मारला. मला त्या क्षणी फुफीचा इतका राग आला की तो इतक्या वर्षांनी लिहितानाही हाताला जाणवतो. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईला एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी वाकता येऊ नये? सरांनी सांगितलं, की त्या प्रश्नाचं माझं उत्तर बरोबर आहे, पण पानावर फक्त शेवटचं उत्तर राहतं, आधी काय निवडलं होतं ते दिसत नाही. तो प्रश्न रद्द केला तर माझं नाव यादीतून जातं, धरला तर राहतं. म्हणून ते मलाच विचारताहेत, आणि मी सांगेन ते मानतील.

‘सुमैया, फुफींनी सांगितल्यावर तू उत्तर बदललंस का?’

‘नाही सर. माझं आधीच तेच होतं. फुफीला नीट ऐकू आलं नसेल.’

किती सहज आलं ते तोंडातून. घसासुद्धा कोरडा पडला नाही. शेजारी फुफी बसली होती. मी ‘उभी’ म्हटल्याचं तिने ऐकलं होतं, त्याशिवाय तिने मला सुधारलंच नसतं. म्हणजे मी खोटं बोलले हे पृथ्वीवर एका माणसाला पक्कं माहीत होतं आणि तो माणूस माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. सरांनी तिच्याकडे बघून विचारलं, ‘बरोबर ना, फुफी?’ वर्षभरात तेही तिला फुफी म्हणायला लागले होते. मला वाटलं, आता संपलं. जी बाई स्वतःचं लपवत नाही ती माझं कशाला लपवेल. खाली गल्लीत कोणीतरी भंगार मागत चाललं होतं, तो आवाज पार लांब जाईपर्यंत ती स्क्रीनकडे बघत राहिली.

‘ती म्हणते तर तसंच,’ फुफी म्हणाली.

यादी लागली. माझं नाव शेवटून पहिलं होतं. प्रतीक्षायादीत सगळ्यात वरचं नाव धूमकेतूचं होतं. तो पुढे नभांगणात कधी दिसला नाही. त्याचा संशय मत्सरातून आला होता असं सगळे म्हणाले आणि मीही मान हलवली. अब्बांनी शब्द पाळला, मी सायन्सला गेले, आणि त्या बॅचच्या शिड्यांवरून चढत आज जिथे आहे तिथे आले. आता मीच मुलांच्या ऑनलाइन परीक्षा घेते. चौकोनात एखादं पोर मान खाली घालून पेपर लिहीत असतं आणि मी उत्तराआधी त्याचे ओठ बघते, मग त्याच्या मागचं कपाट. सहकारी म्हणतात, मॅडम फार संशयी आहेत. ऐकणाऱ्याला वाटेल, मी माझ्या फुफीवर गेले, पण फुफीला लोकांचा संशय यायचा आणि मला माझ्या ओळखीच्या एका मुलीचा येतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. त्या शनिवारनंतर फुफीने हा किस्सा सांगायला सुरुवात केली. आधी अम्माला, मग इमारतीत, मग उरणहून येणाऱ्या पाहुण्यांना, लग्नात, बारशात, जिथे माझं नाव निघेल तिथे. ‘मी येडीनं उत्तर सांगितलं, पण आमच्या पोरीनं नाय घेतलं. तिचं आदीच बरोबर होतं.’ दुधाच्या प्रत्येक मापावर शंका घेणारी बाई हे अशा ठामपणे सांगायची की कोणी पुन्हा विचारायचं धाडस करत नसे. मी शेजारी असले तर हसून मान खाली घालायचे आणि लोक त्याला विनय समजायचे. पहिल्या काही वर्षांत मला वाटायचं, ती मला टोचते आहे. मग वाटायला लागलं, तिचा खरंच तसा समज झाला असेल, वयाने आठवणी बदलतात. यातलं कुठलं खरं मानायचं ते मी माझ्या सोयीने ठरवत राहिले.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा मी सुट्टी काढून आले होते. दुपारची वेळ, अम्मा बाजारात गेलेली. मी तिचे पाय चेपत होते. तब्येत बरी होती त्या दिवशी, पंख्यावरची धूळ कोणी पुसत नाही म्हणून तिची कुरकुर चालली होती. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, फुफी, त्या परीक्षेत ते चांदाचं जे झालं ना...

‘राहू दे,’ ती म्हणाली. डोळे मिटूनच. ‘मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता मना खोटी पाडू नको.’

मी पाय चेपत राहिले. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर एवढं एकच, आणि आज हे लिहून तेही मी मोडलं.